आधी वजन, मग विमान

नवा माणूस समोर आला की आमच्याकडे आधी नाव विचारतात. नावावरून आडनाव, आडनावावरून गल्ली, आणि गल्ली कळली की बाकी सगळं आपोआप कळतं. नामांतराच्या त्या वर्षांत हे विचारणं फारच वाढलं होतं. एसटीत शेजारी बसलेला माणूस स्वतःचं तिकीट काढायच्या आधी माझं आडनाव काढून घ्यायचा आणि मग खिडकीकडे तोंड करून बसायचा. साहेबांनी मात्र मला कधी नाव विचारलं नाही. आमच्या पहिल्या भेटीत ते एवढंच म्हणाले, "चपला काढा आणि काट्यावर उभ्या ऱ्हावा."

साहेब म्हणजे आमच्या गावच्या विमानतळाचे साहेब. तालुक्याच्या गावाला विमानतळ कशाला, असं कोणीही विचारील. निजामाच्या काळात कोणाच्या तरी मनात आलं आणि स्टेशनच्या पल्याड तो झाला. सिमेंट-खडीची लांब धावपट्टी, पत्र्याचं उंच हँगर, दोन खोल्यांची वेटिंग रूम आणि भोवताली निंबाची झाडं, एवढाच त्याचा पसारा. पोलीस ॲक्शननंतर तिथं विमानं यायची कमी झाली आणि काही वर्षांनी बंदच पडली. पुढं जागा नगरपालिकेकडे आली आणि दुसरं कोणी मागत नव्हतं म्हणून पालिकेनं ती साहेबांना लीजवर देऊन टाकली. त्या हँगरात त्यांनी विमानांचं संग्रहालय उघडलं होतं.

संग्रहालयात खरं विमान एकच होतं. दोन ओळींत समोरासमोर खुर्च्या असलेलं, दुहेरी पंखांचं, इंजिन काढून घेतलेलं एक जुनं प्रवासी विमान. साहेबांनी ते हैदराबादला भंगारात जाताना सोडवून आणलं होतं. पंख वेगळे, धड वेगळं, असं ते बैलगाड्यांवरून गावात आलं तेव्हा बायकांनी त्याच्यावरून लिंबं उतरून टाकली, असं जुनी माणसं सांगत. त्याशिवाय विमानाच्या तोंडावरचा एक लाकडी पंखा, दोन-तीन टोप्या, एक हातदिवा, भिंतीवर नकाशा, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि दारातच तो काटा. काटा इंग्रजी बनावटीचा, पायाखाली फळी असलेला, माणसाएवढा उंच. त्याच्यावर आकडे पौंडात होते. साहेब त्यांना रतल म्हणत.

साहेब मूळचे पालमकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पोरवयात पळून हैदराबादला गेले आणि विमानतळावर नोकरीला लागले, पुढं बदलीनं इथं आले. शाळा उर्दूतली, त्यामुळं बोलण्यात दस्तूर, मामला, फिजूल असे शब्द फिरत राहायचे. इस्त्रीची खाकी पँट, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा की तीन निंबांपलीकडचा माणूस दचकून मागं वळावा. आपण विमानतळाचे फार मोठे अधिकारी होतो असं ते सांगत, आणि त्यात थोडंसंही खोटं आहे असं त्यांना वाटत नसे. त्यांचं काम विमानात बसणाऱ्या माणसांचं वजन करायचं होतं. छोट्या विमानात माणूस सामानासकट तोलून घेतल्याशिवाय बसवत नसत आणि कोणी कुठं बसायचं तेही वजनावरूनच ठरायचं. येलदरीचं धरण बांधताना एक बडे इंजिनियर आपल्याच गावात उतरले होते आणि परत जाताना साहेबांनी त्यांना ट्रंक इथंच ठेवायला लावली होती, ही कथा त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की शेवटी ती ट्रंक मीच पाहिली आहे असं मला वाटायला लागलं.

मी तेव्हा नगरपालिकेत जागा विभागात नवीन क्लार्क होते. मूळची वालूरची, राहायला गावातल्या भीमनगरात, आणि ऑफिसात एकटी बाई. साहेबांची लीज संपत आलीय, अशी नोटीस घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी आधी माझं वजन केलं आणि हँगरभर ओरडून सांगितलं. मग फाईल हातात धरायला लावून पुन्हा केलं आणि पुन्हा ओरडले. मी लाजेनं अर्धी झाले होते. मग त्यांनी बाहेर जाऊन छपरावरच्या पिशवीकडे बघितलं.

"वारा आडवा हाय," ते म्हणाले. "आज सही न्हाई. सोमवारी या."

सोमवारी वारा सरळ होता, पण त्यांना सहीचं मन नव्हतं. बुधवारी त्यांनी सही केली. प्यायला पाणी मात्र पहिल्याच दिवशी दिलं, त्यांच्या स्वतःच्या तांब्यातून. ऑफिसात शिपायानं माझ्यासाठी खिडकीत वेगळा ग्लास ठेवला होता, त्यामुळं मला ते फार भिडलं. साहेबांचा मोठेपणा म्हणून मी ते पुष्कळ दिवस सांगत फिरले. नंतर कळलं की त्यांच्याकडे दुसरा तांब्याच नव्हता. तरी तो तांब्या मला अजून आवडतो.

वजन झालं की विमानात बसायला मिळायचं, पण तिथंही साहेबांचा हुकूम चाले. जड माणसं मधोमध, हलकी शेपटीकडे, आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं. विमानाला इंजिन नाही, ते कुठं जायचं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. साहेबांना ते सांगायची सोय नव्हती. एकदा नवं लग्न झालेलं जोडपं आलं तर नवऱ्याला त्यांनी मधे बसवलं आणि नवरीला पार शेपटीत. बिचारी मान वर करून करून त्याचं टक्कल बघत होती.

एकदा शेजारच्या गावचे एक पाटील नातवंडांना घेऊन आले. भारदस्त गडी. त्यांना तोलून साहेबांनी मधल्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्याएवढ्याच वजनाचा माणूस शोधायला लागले. त्या दिवशी मी आमच्या भीमनगरातल्या एका गवंड्याला घेऊन गेले होते, हँगरचा ओटा उखडला होता म्हणून. साहेबांनी त्याला तोललं आणि खूश झाले. म्हणाले, जाऊन पाटलांच्या समोर बसा. गुडघ्याला गुडघा लागेल अशा त्या खुर्च्या. पाटलांनी गवंड्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि उठायला लागले. गवंडीही दारातच थबकला. गेल्या काही वर्षांत आमच्या लोकांनी जे सोसलं होतं ते सगळं त्याच्या तोंडावर आलं होतं.

"तुमी उठले तर दुसरी बाजू खाली जाईल," साहेब पाटलांना म्हणाले. "विमानात वजन जातं, आडनाव जात न्हाई. बसायचं नसेल तर लेकरं बी उतरवा."

लेकरं काही उतरायला तयार नव्हती. पाटील बसले. गवंडी बसला. जरा वेळानं पाटलांनी विचारलं, ओट्याला सिमेंट किती लागंल? आणि दोघं माल-मसाल्याचं बोलायला लागले. साहेबांचं त्या बोलण्याकडे लक्षही नव्हतं. ते दोन्ही बाजूंचे पंख एका रेषेत आहेत का ते वाकून बघत होते.

पण अशी गर्दी दिवाळी-उन्हाळ्याच्या सुटीतच. एरवी हँगर ओस. साहेब काट्याशेजारी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे, आणि कोणी आलं नाही की संध्याकाळी स्वतःच दरवाजा लावताना त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला असं व्हायचं. पैशापाण्याची त्यांना काळजी नव्हती. विमान बघायला माणूस येत नाही, हे त्यांना खात होतं.

त्यातच मोंढ्याचा विषय निघाला. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. तो गावाच्या पोटात अडकला होता. रविवारी गाड्या, बैल, ट्रॅक्टर यांनी रस्ता असा तुंबायचा की तिरडीलासुद्धा वाट मिळत नसे. विमानतळाची लीज संपतेय म्हटल्यावर सगळ्यांची नजर तिकडे गेली. धावपट्टीवर मूग-मिरच्या वाळवता येतील, वेटिंग रूममध्ये बाजाराचं ऑफिस होईल, आणि हँगर म्हणजे तर तयार गोदाम. विमानाचं काय, असं मी विचारलं तर आडत्यांच्या पुढाऱ्यानं हसून उत्तर दिलं की पत्र्याला भाव चांगला आहे. हे आडते म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारे दलाल, आणि त्यांचा हा पुढारी पालिकेत सगळ्यांच्या गळ्यातला ताईत होता.

सगळ्यांना वाटलं साहेब भांडायला येतील. ते आले, वारा बघून आले, पण भांडले नाहीत. त्यांनी सभेपुढं सांगितलं की धावपट्टी घ्या, खोल्या घ्या, निंबाच्या सावल्या घ्या, हँगरचा मागचा अर्धा भाग पोत्यांना घ्या. पुढच्या भागात विमान राहील. फाटकातून येणारा रस्ता हँगरवरूनच जाईल. आणि काटा जिथं आहे तिथं राहील. ज्याला वजन करायचं त्यानं करावं, मात्र वजन केलं की विमान बघायलाच पाहिजे, तो दस्तूर आहे.

सभेत हशा पिकला. म्हाताऱ्याला अर्धं हँगर आणि एक खेळणं दिलं की सगळा विमानतळ फुकटात मोकळा होत होता. आडत्यांचा पुढारी हुशार, त्यानं आपलीही एक अट जोडून घेतली: दर बाजाराच्या दिवशी काट्यावर माणूस उभा असेल तोवर संग्रहालय, ज्या रविवारी काटा बंद, त्या रविवारपासून सगळं हँगर मोंढ्याचं. साहेबांचं वय बघूनच ती अट घातली होती, हे आंधळ्यालाही दिसत होतं. ती टाइप करताना मी दोनदा कागद बदलला. साहेबांनी मात्र तीवर वारा न बघता सही केली.

मोंढा आला. पहिल्या मुगाच्या रविवारी फाटकापासून गाड्यांची रांग लागली. शेतकरी गंमत म्हणून काट्यावर उभे राहायचे, आपलं वजन ऐकून हसायचे आणि विमान बघून पुढं जायचे. मग त्यांतला एकजण खांद्यावर मुगाचं पोतं घेऊनच चढला. साहेबांनी नेहमीच्या रिवाजानं सामानासकट वजन ओरडून सांगितलं, मग सामान खाली ठेवायला लावलं आणि नुसत्या माणसाचं सांगितलं. तो शेतकरी फळीवरच उभा राहिला. ओठ हलवत त्यानं वजाबाकी केली. रतलाचे किलो कसे करायचे ते मागच्या माणसाला विचारलं. मग विमान बघितलं, दस्तूर होता म्हणून, आणि पोतं उचलून थेट आडतीत गेला.

आडतीत मापाडी वजन करायचा, आणि पोत्यामागं थोडं कापून धरायचा. त्याला कडता म्हणत. माती असते, ओल असते, पोत्याचं वजन असतं, अशी त्याची कारणं. किती कापलं हे शेतकऱ्याला कधी कळत नसे, कारण आपलं पोतं खरं किती भरलं हेच त्याला ठाऊक नसे. त्या रविवारी पहिल्यांदा एकाला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी काट्यापुढची रांग निंबांच्या पलीकडे गेली, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर नाहीतर डोक्यावर काही ना काही होतं.

आडत्यांच्या गोटात धावपळ उडाली. पुढाऱ्यानं तक्रार केली की विना-शिक्क्याच्या काट्यावर मालाचं वजन होतंय. तक्रार कागदोपत्री बरोबर होती. शिक्का नसलेल्या काट्यावर माल तोलला तर काटा जप्त होतो, आणि काटा गेला की अटीप्रमाणं हँगर गेलं. एका रविवारी वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. पुढारी त्यांच्या सोबतच होता. मी साहेबांच्या मागं उभी राहिले.

निरीक्षकांनी विचारलं की इथं माल तोलतात का.

"माल कुठं हाय?" साहेब म्हणाले. "मी माणसं तोलतो. हातात सामान असलं तर सामानासकट तोलतो. हवाई दस्तूरच हाय तो."

तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी डोक्यावर तुरीचं गठुडं घेऊन फळीवर चढली. साहेब ओरडले. तिनं गठुडं उतरवलं. साहेब पुन्हा ओरडले. रांगेतल्या सगळ्यांचे ओठ हलले. निरीक्षकांनी तिला विचारलं, बाई, तुम्ही इथं कशाला आलात?

"इमाइन बगायला आलेय," ती म्हणाली.

"आणि हे गठुडं?"

"ते कोनापाशी ठिवू? चोर लय झालेत."

निरीक्षक पुढाऱ्याकडे बघून हसले. मग त्यांनी स्वतःच्या चपला काढल्या आणि बॅग हातात धरून काट्यावर उभे राहिले. साहेबांनी त्यांचं वजन इतक्या मोठ्यानं सांगितलं की आडतीतले हमाल बाहेर आले. वजन झाल्यावर ते विमान बघायला गेले आणि मधल्या खुर्चीत बराच वेळ बसले. काटा जप्त झाला नाही. त्या हंगामात कडता आधी निम्मा झाला, मग आडत्यांनी तो बंदच केल्याचं जाहीर केलं, जणू त्यांचंच मन मोठं झालं होतं.

मला फार आनंद झाला होता. मी साहेबांना म्हणाले की तुम्ही शेतकऱ्यांचं केवढं भलं केलंत. त्यांनी माझ्याकडे फिजूल बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"भलंबिलं मला कळत न्हाई, बाई. विमानासाठी माणूस येत न्हाई, मुगासाठी येतो. म्हणून मूग आणला."

पुढं किती रविवार गेले. पालमच्या, सेलूच्या एसटीतून माणसं केवळ वजनासाठी उतरायची आणि दस्तूर म्हणून विमान बघायची. एरवी ज्यांनी आकाशात फक्त पाऊस शोधला त्यांना पंख कसा वळतो हे ठाऊक झालं. साहेबांची नजर अधू झाली तेव्हा आकडा मी वाचू लागले आणि ओरडायचं काम त्यांच्याकडे राहिलं. रविवारी मला सुटीच असायची. एकदा मी त्यांना विचारलं की इतकी वर्षं विमानतळावर काढून तुम्ही कधी विमानात बसलात का? ते चिडले. म्हणाले, मी बसलो असतो तर वजन कोनी केलं असतं?

विद्यापीठाचं नाव बदललं त्या हिवाळ्यात आमच्या भीमनगरात पेढे वाटले. मी साहेबांसाठीही पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढ्यांच्या पुड्यासकट माझं वजन केलं, एक पेढा खाल्ला, पुन्हा केलं, आणि काटा हलला नाही म्हणून नाराज झाले. मग दुसरा खाल्ला. तोपर्यंत ते फार वाळले होते. आडत्यांचा मुनीम दर रविवारी सकाळी हँगरसमोर येऊन उभा राहायचा, काटा उघडतोय का ते बघायला. येताना कुलूप खिशात घेऊन येतो, असं हमाल सांगत. मला त्याचा संताप यायचा. साहेबांना त्याचं काहीच वाटत नसे. आला की ते त्याला तोलायचे आणि विमानात पाठवायचे.

आणि एका रविवारी, रांग लागलेली असताना, साहेब स्वतः चपला काढून काट्यावर चढले. मी त्यांना तिथं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, काठी इकडं द्या.

"सामान हाय ते," ते म्हणाले. "आधी सामानासकट. मोठ्यानं सांगा."

मी काठीसकट सांगितलं, मग काठी काढून सांगितलं. दुसऱ्या वेळी मी वाकून पुन्हा वाचलं, कारण आकडा माझ्या पहिल्या दिवसाच्या आकड्याहून कमी होता. त्यांनी मान हलवली आणि विमानात चढले. हलकी माणसं शेपटीकडे, म्हणून ते शेपटीच्या खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ ते तिथं बसून होते आणि बाहेरच्या लोकांची वजनं मी एकटीच सांगत होते.

त्याच आठवड्यात साहेब गेले. पालमकडून त्यांचे पुतणे आले आणि सगळं नीट पार पडलं. मी रडले, ऑफिसात सगळ्यांसमोर रडले, आणि शिपायानं मला पाणी आणून दिलं, सगळ्यांच्याच ग्लासातून.

रविवारी सकाळी मी हँगरवर गेले तर मुनीम नव्हता. या खेपेस आडत्यांचा पुढारी स्वतः आला होता. सोबत पालिकेचा माणूस होता आणि कुलूप पुढाऱ्याच्याच हातात होतं. त्यांच्यामागं, फाटकापासून निंबांपर्यंत, गाड्या उभ्या होत्या. सगळे दाराकडे बघत होते. मी दार उघडलं. काट्यावरचं कापड काढलं, फळी झाडली, आणि बाहेर येऊन छपरावरच्या पिशवीकडे बघितलं. वारा आडवा होता.

पुढारी म्हणाला, "बाई, आता काय ऱ्हायलं? साहेब तर गेले."

"चपला काढा," मी म्हणाले, "आणि काट्यावर उभे ऱ्हावा."

त्यानं मागं वळून रांगेकडे बघितलं. मग वाकून चपला काढल्या. कुलूप त्याच्या हातातच होतं, म्हणून मी त्याचं वजन आधी सामानासकट केलं, आणि तीन निंबांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.